समुद्राची खुरपणी

अख्ख्या केज तालुक्यात चांगल्या गोड पाण्यात पोत्यानं मीठ कालवणारा माणूस एकच, आणि दुर्दैवानं तो आमच्या मावशीचा नवरा आहे. उन्हाळ्यात टँकर आला की लोक हातातली कामं टाकून घागरी घेऊन धावतात, आणि आमचे काका पाण्याचे जार विकत घेऊन त्यात खास मागवलेलं समुद्री मीठ ढवळत बसतात. मग ते पाणी बैठकीतल्या काचेच्या टाकीत जातं. त्या टाकीत दोन नारिंगी मासे, चार दगड आणि निवृत्तीनंतर काकांचा उरलेला सगळा रुबाब राहतो. वीज गेली की इन्व्हर्टर माशांना आणि पुठ्ठा पाहुण्यांना, हा घरचा नियम. एकदा घामानं निथळत मी म्हटलं, "काका, निदान पंखा तरी लावा." तर म्हणाले, "तू काय मरत न्हाईस बे. त्यांचा दम कोंडतोय."

हा समुद्र घरात आला तो मावशीमुळं. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याकडं एकच गोष्ट मागितली होती, एकदा समुद्र दाखवा. काका कृषी सहाय्यक. आधी पेरण्या आडव्या आल्या, मग पंचनामे, मग शेतकरी मेळावे. निवृत्त झाल्यावर गुडघे आडवे आले, तेही काकांचे. शेवटी "तिकडं जाऊन तरी काय, खारं पाणीच बघायचं ना?" असं म्हणत त्यांनी मुंबईच्या एका दुकानदाराकडून समुद्रच घरी मागवला.  त्यातल्या एका दगडावर हिरव्या बटणांसारखे मऊ जीव चिकटलेले होते. टाकीतला दिवा लावला की ते हळूहळू उमलायचे. मावशी त्यांना 'माझी शेवंती' म्हणायची आणि सकाळचा चहा तिथं बसूनच प्यायची. बादल्या तीच उचलायची, काचही तीच पुसायची. एवढाच समुद्र तिच्या वाट्याला आला होता.

एक दिवस त्या शेवंतीशेजारी तपकिरी, काचेसारखं आरपार दिसणारं एक रोपटं उगवलं. ते रोपटं नव्हतंच, दगडाला चिकटून फुकटात आलेला, शेजाऱ्याला डंख मारणारा प्राणी होता. दुकानदारानं फोनवर बजावलं, "त्याला हात लावू नका, तुकडे पडले तर तुकड्यागणिक नवीन होतं." आता काकांना कुणी शिकवायचं म्हणजे कठीणच. गवत, अळी, मावा आणि माणसं यांतलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्यांची पहिल्यापासून समजूत. "कावून घाबरवता मला? साधं तण हाय," म्हणत त्यांनी चिमटा हातात घेतला. मावशी म्हणाली, "आवो, लव्हाळ्यावानी दिसतंय. खुरपू नका. गाठ राहिली तर लई वाढंल." काका गरजले, "कृषी सहाय्यक मी होतो का तू?"

हे तेच काका, ज्यांनी तीस वर्षं उमापूरपासून चौसाळ्यापर्यंत शेतकऱ्यांना ओरडून सांगितलं होतं, की लव्हाळा नुसता खुरपून जात नाही, गाठ जमिनीत राहते. त्याच माणसानं टाकीत कोपरापर्यंत हात घालून मन लावून खुरपणी केली. पंधरा दिवसांत एकाची चाळीस रोपटी झाली.

मग त्यांना अधिकच चेव आला. या रोपट्यांत सुईनं चुन्याची निवळी टोचतात, थेंब थेंब, हा खरा उपाय. काकांनी पानपट्टीवरून चुना आणला, पण थेंबावर त्यांचा विश्वास बसेना. आयुष्यभर पाठीवरच्या फवारणी पंपाचे हिशेब सांगितलेला माणूस तो. मासे बादलीत काढून त्यांनी डोस असा दिला की टाकी ताकासारखी पांढरी झाली. पाणी निवळलं तेव्हा रोपटी जागच्या जागी डुलत होती आणि शेवंती मिटली होती. ती पुन्हा उमलली नाही. मावशी आठवडाभर चहा घेऊन टाकीसमोर बसायची आणि चहा तसाच गार व्हायचा. मला काकांचा फार राग आला. काका मात्र आल्यागेल्याला सांगत होते, "दगडच नासका लागला."

शेवटी मावशीनं तो दगड बाहेर काढला, महिनाभर गच्चीवर वाळवला आणि एके दिवशी पदराच्या टोकाला बांधून म्हणाली, "चला. आता खरा दाखवा." तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, काकांनी गुडघ्यांचं नाव काढलं नाही. मीच गाडी करून दोघांना कोकणात घेऊन गेलो.

किनाऱ्यावर मावशी बराच वेळ नुसती बघत राहिली. मग नऊवारी वर खोचून पाण्यात शिरली आणि पदराची गाठ सोडू लागली. मागून काका ओरडले, "आगं, थांब! एखादं मूळ राहिलं आसंल त्याच्यात. सगळा समुद्र नासंल!"

मावशीनं दगड पाण्यात सोडला आणि पाठमोरीच म्हणाली, "काय होत न्हाई. हितं खुरपायला तुमी न्हाईत."

मी पोट धरून हसलो. काका हसले नाहीत. प्यांट भिजेपर्यंत तसेच उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "लवकर आणायला पाह्यजे होतं रे हिला." एरवी मी त्यांना सोडलं नसतं, चांगलं टोचून बोललो असतो. पण मावशी गुडघाभर पाण्यात उभी होती, आणि काही केल्या मागं वळून बघत नव्हती.