ॲक्सिलेटरची दोरी

माझ्या ट्रकला मी 'गाडी' म्हणतो, हा माझा मोठेपणा. कळमन्याच्या बाजारातले हमाल त्याला खटारा म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे. पण हॉर्न! हॉर्न असा की कामठी रोडवरच्या म्हशीसुद्धा रवंथ थांबवून बघतात. मेकॅनिकनं बजावलं होतं, "भाऊ, ॲक्सिलेटरची वायर पार उसवली आहे, बदलून टाका." मी म्हटलं, "आधी हॉर्न." वायर कोणाला दिसते? हॉर्न साऱ्या गावाला ऐकू येतो. असल्या अकलेचा माणूस मी, आणि सासरी मात्र मोठा जावई.

धाकट्या मेहुणीचं लग्न कन्हानला होतं. सासऱ्यांनी मंडपाचं सामान आणि स्वयंपाकाची भांडी आणायला टेम्पो ठरवला होता. मी भर बैठकीत आवाज चढवला, "घरचा ट्रक असताना भाड्याची गाडी? जवाई मेला काय?" टेम्पो रद्द झाला.  सासऱ्यांच्या गप्प बसण्याला मी संमती समजलो.

लग्नाच्या सकाळी मंडप-भांडी भाड्यानं देणाऱ्या बिछायतवाल्याकडून गंज म्हणजे मोठाली पातेली, कढया, झारे, बांबू आणि दोरीची भेंडोळी भरून निघालो. शेजारी बायको, नव्या शालूत. तिला आदल्या दिवशीच माहेरी जायचं होतं; "माझ्यासोबत थाटात चल" म्हणून मीच अडवून ठेवलं होतं. नवरदेवाची वरात दुपारी यायची होती. तिकडे आचारी चिरलेल्या भाजीच्या ढिगाशेजारी बसला होता. आमचे गंज पोचल्याशिवाय त्याची चूल पेटणार नव्हती.

कामठी यायच्या आधीच पायाखालचा ॲक्सिलेटर मेल्या उंदरासारखा पडला. इंजिन चालूच, पण आवाज जेवून लवंडलेल्या माणसाच्या घोरण्यासारखा. मी पाय आपटला. काही नाही. मग मी हॉर्न वाजवला. काहून, ते विचारू नका.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. वायर तुटली असंन."

"थेच ना, जे बदलाची होती?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. मेकॅनिकला फोन लावला. "येऊनच राहिलो ना भाऊ!" तो म्हणाला. मागून त्याच्या घरच्या टीव्हीवरच्या मॅचचा आवाज येत होता. तोवर रस्त्यावरचे विद्वान जमले. एक म्हणाला, डिझेल संपलं. दुसरा म्हणाला, बॅटरी गेली. इंजिन त्याच्या नाकासमोर धडधडत होतं तरी! तिसऱ्यानं स्कूटरवरून न उतरताच सांगितलं, "भंगारात इकून टाका." त्यातल्या त्यात तोच जाणकार.

मी हत्यारांची पेटी उघडली. आत माझा फेटा आणि अत्तराची बाटली. हत्यारं जागा होत नाही म्हणून घरी ठेवली होती.

"काय शोधून राहिले?" बायकोनं खिडकीतून विचारलं.

"तार. नाही तर एखादी दोरी."

"मांगं अख्खा मंडप बांधाची दोरी आहे. का थे फक्त पाहाले आणली?"

विद्वान खो खो हसले. मी दोरी आणली. आमच्या ट्रकचं इंजिन केबिनमध्येच, दोघांच्या मधे झाकणाखाली असतं. झाकण वर करून डिझेल सोडणाऱ्या पंपाच्या दांडीला दोरी बांधली. ओढली की गाडी पळणार, सोडली की मंदावणार. माझे हात स्टेअरिंग आणि गिअरमध्ये अडकलेले. म्हणून दोरी बायकोला दिली.

"मी म्हणीन तवा ओढाची, मी म्हणीन तवा सोडाची."

"लग्न झाल्यापासून थेच करून राहिली ना मी," ती म्हणाली आणि दोरी ओढली.

या व्यवस्थेतली खोट पुढे कळली. ट्रकचा वेग आता तिच्या मिजाशीवर होता. मी सहज म्हणालो, "तुह्या भावाले एक वायर आणून देता येत नाही?" इंजिन असं गरजलं की समोरचा ऑटोवाला कडेला पळाला.

"माह्या भावाचं नाव नका काढू!"

"नाही काढत! सोड वं, सोड!"

तिनं सोडली ती पार सोडली. कन्हानच्या पुलावर आम्ही बैलगाडीच्या चालीनं चढलो आणि नेमका सासूबाईंचा फोन आला. दोरीच्याच हातानं तिनं तो उचलला. मागे हॉर्नची रांग लागली. एकही माझ्या तोडीचा नव्हता, एवढंच समाधान.

"आलो वं माय, पुलावर आहो," ती म्हणाली. सासूबाई तिकडचं सांगत गेल्या. तिचा चेहरा उतरला. वरात निघाली होती आणि आचारी पातेली मागायला घरोघरी फिरत होता. बहिणीच्या लग्नात पाव्हणे उपाशी बसणार, तेही हिच्या नवऱ्याच्या ट्रकपायी. फोन मांडीत टाकून तिनं दोरी तळहाताला गुंडाळली.

"आता बोलू नका. वळवाचं तेवढं पाहा."

मी वळवत राहिलो. इतका गप्प मी स्वतःच्या लग्नातही बसलो नव्हतो.

मंडपापाशी ट्रक नीट थांबायच्या आत आचाऱ्याच्या माणसांनी गंज ओढून उतरवले. चूल पेटली. पुढची अब्रू वरातीनं राखली. वराती नाचायला लागले की त्यांना नवरदेवाचीही शुद्ध राहत नाही; नाच रस्त्यातच लांबला आणि स्वयंपाकाला वेळ मिळाला. एरवी मी या नाचाला शिव्या घालतो, त्या दिवशी बँडवाल्याला हात जोडले. पंगत बसली तेव्हा भात वाफाळत होता.

मग मानपान, म्हणजे मोठ्या जावयाच्या गळ्यात दुपट्टा. मी फेटा बांधून, अत्तर लावून पहिल्या खुर्चीत. सासरे पांढराशुभ्र दुपट्टा घेऊन आले. मी मान पुढे केली. त्यांनी लेकीच्या हाताकडे पाहिलं. तळवा दोरीनं सोलून निघाला होता, बोटं ग्रीसनं काळी. दुपट्टा त्यांनी तिच्या हातात दिला.

"गाडी तूनं आणली, बाई. आता तूच ठरव, कोणाच्या गळ्यात घालाचा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. एकेक बोट त्या दुपट्ट्याला सावकाश पुसलं. मग तो माझ्या गळ्यात घातला.

"घ्या. मान."

फोटोवाल्यानं नेमका तोच क्षण टिपला. माझा नवा साडू अजून तो अल्बम काढून विचारतो, "भाऊजी, दुपट्ट्यावर हे काळं डिझाइन कशाचं?"

मी सांगतो, "मोठ्या जवायाचा तसाच असते."