कार्डावरचा अंगठा

आमच्या बाहेरच्या खोलीतल्या टेबलाला हात लावायचा असेल तर आधी हात धुवायचे, मग कोरडे पुसायचे, मग सासूबाईंना दाखवायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही नव्या सुनेची परीक्षा असेल. पुढे कळलं, पाकीट घेऊन आलेल्या पोस्टमनलासुद्धा यातून सूट नाही.

सासूबाई हातानं कार्डं बनवतात. लग्नाची, वाढदिवसाची, कुणाच्या दुकानाच्या उद्घाटनाची. रबराचा शिक्का चिकट शाईच्या पॅडवर दाबायचा, कागदावर उमटवायचा आणि शाई ओली आहे तोवर वर बारीक सोनेरी पावडर टाकायची. कागद तिरका करून मागून टिचकी मारली की जास्तीची पावडर परत डबीत जाते. मग हीट गनची गरम हवा सोडायची. पावडर वितळते आणि अक्षरं फुगून वर येतात, बोट फिरवलं तर लागतील इतकी. पण ही पावडर भारी चोंबडी. ओली शाई कुठली आणि घामेजलेलं बोट कुठलं, हे तिला कळत नाही. कागदावर नुसतं बोट टेकलं असेल तरी ती तिथं जाऊन बसते, आणि एकदा का गरम हवा लागली की त्या बोटाच्या सगळ्या रेषा सोनेरी होऊन उठतात. खरवडायला जावं तर कागद फाटतो. कार्ड बाद.

आणि आमच्या अण्णांचे, म्हणजे सासऱ्यांचे, तळहात बारा महिने घामानं ओले. बिचाऱ्यांचा त्यात काय दोष? पस्तीस वर्षं ते शिक्क्यांच्या दुकानात कारागीर होते. ‘मिळाले’, ‘तातडीचे’, ‘रद्द’ असले शिक्के कोरण्यात त्यांची हयात गेली. एकदा उरलेल्या रबराच्या तुकड्यावर त्यांनी बायकोसाठी वेलीचं एक पान कोरून आणलं. “‘रद्द’ कोरून कोरून कंटाळलो होतो,” एवढंच म्हणाले म्हणे. त्या पानापासून हा कार्डांचा व्याप सुरू झाला. अशाच कोरणीकामात कधीतरी पातं निसटून त्यांच्या उजव्या अंगठ्याचं पेर चांगलं खोलवर कापलं गेलं होतं. जखम भरली, पण अंगठ्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा व्रण राहिला.

दोघं एकाच टेबलाशी समोरासमोर बसून काम करायची. दर दहा-पंधरा कार्डांमागं एकावर अण्णांचा अंगठा उठायचा, व्रणासकट. सासूबाई त्यांना ‘अंगठेबहाद्दर’ म्हणायच्या. बाद झालेली कार्डं त्या फाडून भिजत घालायच्या, वाटायच्या आणि त्याच लगद्याचा नवा कागद करायच्या. काही म्हणजे काही वाया घालवायचं नाही हा त्यांचा खाक्या.

बारा वर्षांपूर्वी आमचं लग्न ठरलं, तेव्हा अडीचशे कार्डं या दोघांनीच बनवली. नवरा तेव्हा नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी होता, त्यामुळे तिसरा हात लागायचा प्रश्नच नव्हता. आमच्या वाट्याचा गठ्ठा माझ्या माहेरी आला आणि बाबांनी तो तपासायला घेतला. माझे बाबा म्हणजे कचेरीत तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून निवृत्त झालेला माणूस. एकशे विसाव्या की एकविसाव्या कार्डाच्या कोपऱ्यात त्यांना सोनेरी अंगठा सापडला. झालं! आयतं कोलीत हातात मिळालं. ते कार्ड घेऊन तरातरा इकडे निघाले, आणि भांडण होऊ नये म्हणून त्यांच्या मागोमाग मी.

“आमच्या पाहुण्यांना अंगठा दाखवता काय?” बाबांनी कार्ड टेबलावर आपटलं.

सासूबाईंचा चेहरा पडला. त्यांनी कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ अण्णांकडे बघितलं. अण्णांचा चष्मा कायम दोरीनं गळ्यात अडकवलेला असायचा. तो त्यांनी डोळ्यांवर चढवला, कार्ड उचलून खिडकीशी नेलं, उजेडात धरून बराच वेळ निरखलं. मग परत आले आणि बाबांसमोर हात जोडले.

“माझाच आहे. माझी चूक झाली.”

“होणाऱ्या व्याह्यांसमोर शोभा केलीत माझी,” सासूबाई म्हणाल्या. “आजपासून या टेबलाला हात लावायचा नाही. कळलं?”

अण्णा बरं म्हणाले. मला तेव्हा हसू आलं होतं. एवढ्याशा अंगठ्यावरून केवढा तो गहजब, असं वाटलं होतं. त्या हसण्याचा आता मला संताप येतो.

मला वाटलं, दोन दिवसांत राग निवळेल. पण सासूबाई शब्दाच्या पक्क्या, आणि अण्णा त्याहून. त्यांचं स्टूल टेबलापासून उठलं आणि दाराजवळ गेलं ते गेलंच. मांडीवर फळी घेऊन ते तिथं शिक्के कोरायचे, पाकिटं चिकटवायचे, गठ्ठे बांधायचे. कोरा कागद मात्र त्यांच्या हाती कुणी दिला नाही. तसं दोघांचं वाकडं काही नव्हतं. दिवसभर एकमेकांशी बोलत असायची, सासूबाई त्यांचा चहा उठून दारापर्यंत नेऊन द्यायच्या. कधी अण्णा मान लांब करून म्हणायचे, “पान जरा तिरकं बसलंय.” त्या म्हणायच्या, “तुमचं तिथूनच चालू द्या.” मी जाता-येता हे ऐकायची. एखाद्या दिवशी वाटायचं, म्हणावं की आई, आता पुरे, बसू द्या त्यांना टेबलाशी. म्हटलं नाही. सासू-सासऱ्यांच्या मधे कोण बोलणार!

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. चार दिवस दवाखान्यात होते, पाचव्या दिवशी सकाळी सगळं संपलं. सासूबाईंनी टेबलावर चादर टाकली आणि दोन महिने ती काढली नाही.

मग एक दिवस मी कामावरून आले तर चादर जमिनीवर, सगळे खण उघडे, आणि सासूबाई खाली बसून कागदांचे जुने गठ्ठे उलटेपालटे करतायत.

“काय शोधताय, आई?”

“ह्यांचा अंगठा.”

दुःखानं डोक्यावर परिणाम झाला की काय, असंच वाटलं. त्यांनी माझा चेहरा ओळखला.

“वेडी नाही झाले मी. फोटो आहेत ढीगभर, पण फोटो नुसता बघायचा असतो गं. मला हात लावायचाय. कपडे तर मीच धुऊन टाकले, त्यांना वाससुद्धा राहिला नाही.” मग हातातला गठ्ठा त्यांनी बाजूला ठेवला. “शेकड्यानं अंगठे उठवले माणसानं या घरात. सगळे मी माझ्या हातानं भिजत घातले. एक, एक तरी ठेवायचा होता.”

त्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही रडल्या नाहीत, पण त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. मी शेजारी बसून कागद उचलायला लागले, आणि मधेच त्यांनी माझं मनगट धरलं.

“तुझ्या लग्नाचं ते कार्ड! तुझ्या वडलांनी परत नेलं होतं.”

दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले. बाबा आता थकलेत, ऐकू कमी येतं, पण फायली अजून जागच्या जागी. त्यांनी कपाटातून ‘तक्रारी’ असं लिहिलेली फाइल काढली. पाण्याच्या मीटरचा अर्ज आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा अर्ज यांच्यामधे माझ्या लग्नाचं कार्ड होतं, मागं तारीख घालून.

“पुरावा म्हणून ठेवलं होतं,” बाबा म्हणाले. कशाला हवंय ते मी मोठ्यानं सांगितलं. मग त्यांनी स्वतः शोधून एक कोरं पाकीट काढलं आणि कार्ड त्यात घातलं. “विहीणबाईंना म्हणावं... नको, काही म्हणू नकोस. नुसतं दे.”

सासूबाई वाटच बघत होत्या. कार्ड बघितल्यावर आधी आत जाऊन हात धुऊन आल्या, पुसले, आणि टेबलाशी बसल्या. डोळे मिटून त्यांनी अंगठ्यावरून बोट फिरवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैलावलं. मलाही बरं वाटलं.

मग त्यांचं बोट थांबलं. परत फिरलं. त्यांनी डोळे उघडले, खणातलं भिंग काढलं.

“व्रण कुठाय?” त्या म्हणाल्या.

मी वाकून बघितलं. रेषा सगळ्या सलग होत्या, वरपासून खालपर्यंत. आडवं काही नव्हतं.

सासूबाईंनी एक कोरं कार्ड पुढे ओढलं. स्वतःचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, कार्डाच्या कोपऱ्यात टेकवला, पावडर टाकली, टिचकी मारली, गरम हवा सोडली. हे सगळं त्यांनी रोजच्यासारखं नीट केलं. दोन्ही कार्डं शेजारीशेजारी ठेवली. भिंगाशिवाय मलासुद्धा दिसत होतं. तोच डावीकडे सरकलेला भोवरा, खाली एका रेषेला तोच बारीक फाटा.

“माझा आहे हा,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला विचारलं, “त्या दिवशी ह्यांनी नीट बघितलं होतं का गं? ते खिडकीशी गेले तेव्हा मी तुझ्या वडलांकडे बघत होते.”

त्यांना काय ऐकायचंय ते मला कळत होतं. न बघताच, सवयीनं, अण्णा ‘माझाच’ म्हणाले असतील, तर दोघांची चूक सारखी. त्या घरात मी कधी खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

“नाही, आई. चष्मा आत कुठंतरी राहिला होता त्यांचा. लांबूनच बघून म्हणाले.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“चष्मा गळ्यात असायचा त्यांच्या,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि थेट कार्डांवर पडलं. पाण्याचा पेला ज्या टेबलावर कुणी ठेवू शकत नव्हतं, तिथलं ते पाणी त्यांनी पुसलं नाही.

“अकरा वर्षं दारात बसवलं मी त्यांना,” त्या म्हणाल्या. “एकदा तरी सांगायचं ना.”

बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि दाराकडे बोट केलं.

“ते स्टूल आण इकडे.”

मी अण्णांचं स्टूल उचलून आणलं, त्यांच्या समोर टेबलाशी ठेवलं आणि त्यावर बसायला लागले.

“तुला नाही,” सासूबाई म्हणाल्या. “नुसतं राहू दे तिथं.”