भिंतीवरची चाची

दोन्ही हातांत ट्रे असला आणि डोक्यावरची ओढणी सरकायला लागली, की चाची तिचं टोक दातांत धरायची आणि तशीच बोलायची, "आदी च्या पिया, मगे काय ता बोला." दात आवळलेले असायचे, त्यामुळे नवख्या माणसाला वाटायचं, बाई आपल्यावर खेकसतेय. माणूस मुकाट्याने चहा प्यायचा. पिऊन झाला की त्याला कळायचं, की आपण ज्या तणतणीत आलो होतो ती निम्मी उतरली आहे. अशी एक तरी व्यक्ती प्रत्येक ऑफिसात असते. तुमच्याही असेल. ती नसेल त्या ऑफिसात काम करणाऱ्यांची मला दया येते.

चाची विजयदुर्गची. नवरा मासेमारीच्या बोटीवर होता. एका वादळात बोट उलटली आणि तिसऱ्या दिवशी त्याचं प्रेत किनाऱ्याला लागलं. त्यानंतर ती आमच्या कंपनीत चहापाण्याच्या कामाला लागली. कंपनी म्हणजे डोंगर कापून समुद्राकडे तोंड केलेले बंगले विकणारी. मी तिथे प्रशासनाचा अधिकारी, म्हणजे सगळ्यांच्या तक्रारी घ्यायच्या आणि कुणाचंच काही करायचं नाही, असा पगारी माणूस.

मालकांना मध्येच कलेचं वेड लागलं. श्रीमंत माणसाला काहीतरी लागतंच. मुंबईहून एक सल्लागार बाई यायला लागल्या, आणि ऑफिसच्या भिंती, जिने, कोपरे 'समकालीन कलासंग्रहा'ने भरायला लागले. एका कॅनव्हासवर नुसती काळी रेघ. दारातच किनाऱ्यावरून वेचलेल्या तुटक्या चपलांचा ढीग, चौथऱ्यावर मांडलेला. जमिनीच्या कामाला येणारे गाववाले तो ढीग बघून आपल्याही चपला तिथेच काढायचे. दारात चपला दिसल्या की आमचा माणूस अनवाणी होतो, त्याला कोण काय करणार? वॉचमन दिवसभर कलाकृतीतून चपला निवडून काढायचा. तेवढं एक सोडलं तर त्या संग्रहाने मला कधी हसवलं नाही.

पुढच्या खेपेला फोटो आले. त्यातला एक पुरुषभर उंच होता, काळापांढरा. मीटिंगच्या खोलीपासून चहाच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात लावायचा ठरला. कागद फाडला तेव्हा चाची ट्रे घेऊन माझ्या शेजारीच उभी होती. जेटीवर एक बाई समुद्राकडे तोंड करून किंचाळतेय. केस सुटलेले, ओढणी कुठेतरी उडालेली. खाली चिठ्ठी, 'अनामिक, कोकण किनारा'.

चाचीने ट्रे जमिनीवर ठेवला. "साहेब, ही मी आसंय."

आम्ही काय केलं असेल? टाळ्या वाजवल्या. "चाची, तुमी तर फेमस झालात!" असं कुणीतरी म्हणालं. कुणीतरी कशाला, मीच म्हणालो.

ती हसली नाही. "डोक्यार ओढणी नाय माझ्या. बोट उलटली त्या दिवशी माका शुद्ध नव्हती. फोटो काढणाऱ्याक होती मां?"

तिच्या वतीने अर्ज मी लिहिला. तिच्या डोक्यावरची ओढणी घरचे पुरुष सोडले तर कुणापुढे उतरत नाही, तो फोटो उतरवावा, एवढंच. मुंबईहून उत्तर आलं की फोटो संग्रहाची मालमत्ता आहे आणि सदर महिलेला अभिमान वाटायला हवा. ते उत्तर मी फाईलला लावलं. ती रोज सकाळी माझ्या टेबलावर कप ठेवायची आणि हळूच विचारायची, "उतरवतले?" मी म्हणायचो, "वर विचार चालू आहे, चाची." एरवी मी तिच्याशी मालवणीत बोलायचो. खोटं बोलायचं असलं की मला ऑफिसची मराठी सुचते.

एके सकाळी आलो, तर फोटोतल्या बाईच्या डोक्यावर ओढणी. खरी, कापडाची, हिरव्या काठाची. चाचीने स्टुलावर चढून ती फ्रेमला टाचण्यांनी अशी लावली होती, की केस सगळे झाकले जावेत आणि चेहरा तेवढा उघडा राहावा. त्या दिवशी तिने मला काही विचारलं नाही. चहात साखर मात्र नेहमीपेक्षा जास्त होती.

आठवड्यातच संग्रहाचं प्रदर्शन होतं, पाहुणे येणार होते. सल्लागार बाई आल्या. मी घाईघाईने ओढणी काढायला धावलो. हो, मीच धावलो. तर त्या ओरडल्या, "हात लावू नका!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "प्रतिमेने स्वतःला झाकून घेतलंय! केवढं विधान आहे हे!" चाचीने ती का झाकलीय, ते मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाल्या, "फक्त थोडी बाजूला करू या. केस दिसायला हवेत. केसांतच सगळं आहे." आणि स्वतःच्या हाताने त्यांनी ती ओढणी खांद्यापर्यंत ओढली. चिठ्ठीवर नवी ओळ आली, 'छायाचित्र आणि कापड'.

मी तोंड धुतलं आणि पाहुण्यांच्या स्वागताला येऊन उभा राहिलो.

पाहुणे त्या फोटोपुढे सगळ्यात जास्त थांबले. कोकम सरबताचे पेले त्यांना चाचीच देत होती. एकानेही पेल्यावरून नजर उचलून तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. एका जोडप्याने फोटोला पाठ करून सेल्फी घेतला आणि मध्ये येणाऱ्या चाचीला हाताने बाजूला सारलं. ती बाजूला झाली, ट्रे आत ठेवला आणि मागच्या फाटकाने निघून गेली.

चार दिवसांनी, शनिवारी, मी तिच्या घरी गेलो. तिचा डबा राहिला होता, हे निमित्त. तिने मला खुर्ची दिली, समोर घावणे ठेवले. "आदी च्या पिया." मी प्यालो. मग तिने विचारलं, "उतरवल्यानी?"

सबंध वाटभर मी ठरवत आलो होतो, की खरं सांगायचं, पायाही पडायचं. पण ती माझ्याकडे अशी बघत होती, की मी घावण्याचा आणखी एक तुकडा मोडला.

"उतरवला," मी म्हणालो.

तिचा चेहरा असा उजळला, की मला तिथून पळावंसं वाटलं. "माका ठावक होता, तुमी करतालात," ती म्हणाली. "मगे मी सोमवारपासून कामाक येतंय."

सोमवारी मी रजा टाकली. पोट बिघडल्याचं कळवलं. दिवसभर घरात बसून राहिलो. उठून ऑफिसात जावं, हातोडी घ्यावी आणि तो फोटो खाली ओढावा, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. मी दुपारी जेवलो आणि झोपलो.

मंगळवारी वॉचमनला विचारलं, चाची आली होती का. आली होती, म्हणाला. नऊच्या ठोक्याला. बोळात गेली, थोडा वेळ उभी राहिली आणि तशीच परत आली. कशाला हात लावला नाही. त्यानंतर ती इकडे कधी फिरकली नाही. रत्नागिरीला लेकीकडे गेली, असं ऐकतो. फोटो अजून तिथेच आहे आणि मीही अजून तिथेच आहे.

"माझ्याबद्दल काही बोलली?" मी वॉचमनला विचारलं होतं.

"इचारलान मां. साहेब खंय, म्हणान. मी सांगितलंय, साहेबांका बरा नाय, पोट बिघडलाहा. तर म्हणाली, आल्याच्या रसात मध घालून घेवक सांग. पोटाक बरा."