आत्याचं हळदीकुंकू

शेजारच्या घरातून आज वाटल्या डाळीचा आणि कैरीचा वास आला. चैत्रातलं हळदीकुंकू असणार. मला बोलावणं नाही. हे गेल्यापासून दर्पण कॉलनीतली असली बोलावणी बंदच झालीत.

त्या वासानं कंपू मोहल्ल्यात राहणारी माझी आत्या आठवली. ती स्वतः विधवा. बायकांच्या हक्कांसाठी घरोघर फिरायची, सभा घ्यायची. एका चैत्रात तिनं चक्क हळदीकुंकू मांडलं. सवाष्णी, विधवा, सगळ्यांना बोलावलं. संध्याकाळ झाली तरी पन्ह्याचं पातेलं भरलेलंच. एक बाई तेवढ्या फाटकापर्यंत आल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "ताई, घरी मेहमान आलेत, फिर कभी येते."

दिवेलागणीला आत्यानं कुंकवाचा करंडा माझ्यापुढे सरकवला. "तू लाव गं मला."

मी लहान होते. बोटावर जास्तच घेतलं आणि कुंकू तिच्या नाकावर सांडलं. ती इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले. मला वाटलं, हसूनच आलं.

आज करंडा उघडून आरशापुढे बसलेय. कुंकू काय, आपलं आपल्याला लावता येतं. हळदीकुंकवाला दुसऱ्या कुणाचं तरी बोट लागतं.