ओरेस्टला मीच जेवू घातलं

ओरेस्ट बाबियाक चौदा वर्षं पैसे घेऊन आइस हॉकी खेळला. बचावपटू होता. बचावपटू म्हणजे समोरून येणाऱ्याला अडवायचं, आणि ओरेस्टचं अडवणं म्हणजे आडवं करणं. पूर्वेकडचे पेपरवाले त्याला ‘गोठ्याचं दार’ म्हणायचे. धावत जाऊन आपटलात तर पडणार तुम्हीच. त्याने किती जणांना बर्फावर झोपवलं ते त्यालाही सांगता यायचं नाही. पण त्या सगळ्यांच्या आधी त्याने एक पोरगा पाडला, तो माझा होता. आणि त्याला ते जमलं ते माझ्या बोलण्यामुळे की कसं, हा प्रश्न मी सतरा वर्षं घशात अडकवून बसले होते.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर मी बाई वेडी आहे असं वाटेल.

आमच्या हार्लो क्रीकमध्ये मुलगा बरा खेळायला लागला की सोळाव्या वर्षी घर सोडतो. ज्या गावचा संघ उचलेल त्या गावी जायचं, तिथे कुणाच्या तरी घरी राहायचं, त्यांचं खायचं, शाळा करायची आणि खेळायचं. चौऱ्याऐंशी सालच्या सप्टेंबरात माझा कर्टिस चार तासांवरच्या स्टोनी फोर्डला गेला आणि त्याच आठवड्यात ओरेस्ट आमच्याकडे आला. माझा पोरगा दुसरीच्या टेबलावर आणि दुसरीचा माझ्या. आम्हाला यात काही विचित्र वाटत नसे. आता सांगताना मात्र अंगावर काटा येतो.

ओरेस्टला मी कर्टिसची खोली दिली, कर्टिसची गादी दिली. पोरगा दारात उभा राहिला तर मागचं अंगण दिसेना. पण स्वभावाने गाय. जेवणाआधी आमच्या उलट्या बाजूने छातीवर क्रूस काढायचा, जेवून झालं की न सांगता भांडी पुसायचा. त्याच्या आईने पिशवी भरून पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, पाठवल्या होत्या, त्या माझ्याकडे देताना लाजला. आर्नी, माझा नवरा, मला हळूच म्हणाला, “हा बचावपटू? हा तर मांजरीला वाट देतो.”

पहिला सामना बघायला आम्ही दोघं रिंकवर गेलो आणि मी हादरले. समोरच्या संघाचा एक किडकिडीत पोरगा कडेने पळत होता. ओरेस्टने त्याला खांद्याने असा रिंकच्या कडेच्या फळ्यांवर चेपला की वरची काच थरथरली आणि माझ्या हातातली कॉफी मांडीवर सांडली. पोरगा घसरत खाली बसला. लोक उभे राहून ओरडत होते. आर्नीही ओरडत होता! हाच का तो, सकाळी माझे टॉवेल घडी करून ठेवणारा?

घरी आल्यावर मी त्याला धारेवर धरलं. “काय होतं रे ते?”

“कुठलं?”

“तो मुलगा! त्याला आईबाप नाहीत का?”

“असतील की. ते पण बघत होते.” आणि मग, “व्हर्ना, बटाटे उरलेत का अजून?”

मी बटाटे वाढले.

हळूहळू मलाही सवय झाली, हे कबूल करायला हवं. सवय कसली, चटक लागली. दुसऱ्या वर्षी तर मी खुर्चीवर बसतच नसे. ओरेस्ट सरकायला लागला की मीच पहिली उठायची, “जा, ओरेस्ट!” शेजारच्या बायका म्हणायच्या, व्हर्ना, तुझा घसा बसेल. मी चर्चमध्ये गाणारी बाई, आणि रिंकवर माझं असं व्हायचं.

त्या हिवाळ्यात एका रविवारी जेवताना आर्नीने त्याला विचारलं, “तू बरोबर वेळ साधतोस कशी?”

ओरेस्ट हाडावरचं मांस काढत होता. “मी पकाकडे बघतच नाही. समोरचा कुठे बघतोय ते बघतो. तो खाली पायाशी बघायला लागला की तो माझा.”

आणि मी हसले. देवा, मी हसले. म्हणाले, “मग आमचा कर्टिस तुला फुकटात मिळेल! आपल्या गोलच्या मागून पक घेऊन डावीकडे बाहेर पडताना तो दर वेळी खाली बघतो. एकदाच, पटकन. ती काळी चकती पायाशी आहे ना, पळून तर गेली नाही ना, म्हणून. लहानपणी जिना उतरतानाही असाच स्वतःच्या पायांकडे बघायचा. अजून तस्साच आहे.”

आर्नी नंतर उठून पाई आणायला गेला, सास्काटून बेरी भरून भाजलेली. ओरेस्टने विचारलं, “डावीकडेच?”

“डावीकडेच,” मी म्हणाले. “उजवीकडे नाही. गंमतच आहे की नाही?”

त्या मोसमात आमचा संघ आणि स्टोनी फोर्ड दोनदा भिडले. ओरेस्ट कर्टिसच्या वाटेलाही गेला नाही. एकदा तर दोघं फळ्यांपाशी एकत्र आले आणि ओरेस्टने त्याच्या डोक्यावर टपली मारून सोडून दिला. मला केवढं बरं वाटलं. माझी दोन्ही पोरं, असं मी शेजारणीला सांगितलंसुद्धा.

जानेवारीत संघ आपसात खेळाडूंची अदलाबदल करतात. आम्ही जेवत होतो, खिमा भाजून केलेला मोठा वडीसारखा तुकडा, ओरेस्टच्या आवडीचा. फोन वाजला. ओरेस्टने घेतला, तीन वेळा “हो सर” म्हणाला आणि ठेवला.

“मला पाइन कूलीच्या संघाला दिलं.”

“कधी?”

“आत्ता. गाडी येतेय चाळीस मिनिटांत.”

सतरा वर्षांचं पोर. अर्धं ताट तसंच टाकून वर गेला, दोन पिशव्या भरल्या, गादीवरची चादर सुद्धा सरळ केली. दारात मला मिठी मारली तेव्हा माझ्या कानाशी त्याचा श्वास नुसता वाजत होता. गाडी गेली आणि मी त्या ताटासमोर बसून राहिले. आर्नी म्हणाला, आवर आता. मला आवरवेना. ते ताट मी सकाळी उचललं.

मार्चमध्ये बाद फेरीत पाइन कूली आणि स्टोनी फोर्ड समोरासमोर आले. सामना पाइन कूलीच्या रिंकवर होता, आम्ही चार तास गाडी हाकत गेलो. मी दोन पाई भाजून घेतल्या होत्या, एक कर्टिसला आणि एक ओरेस्टला, मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळून. वाटेत आर्नी चिडवत होता, “ओरडणार कुणाच्या नावाने?” मी म्हटलं, दोघांच्या.

दुसऱ्या सत्रात कर्टिस आपल्या गोलच्या मागे गेला. ओरेस्ट तेव्हा लांब होता, त्यांच्या हद्दीच्या निळ्या रेघेवर. बचावपटूने तिथेच थांबायचं असतं. ती जागा सोडून इतकं आत कुणी जात नाही, गेलं तर मागे सगळं मोकळं पडतं. तो सुटला. आर्नी म्हणाला, “हा तिकडे कशाला चाललाय?” आणि मी? मी सवयीने उभी राहिले. दोन वर्षांची सवय. पूर्ण घसा ताणून ओरडले, “जा, ओरेस्ट!”

कर्टिस डावीकडून बाहेर आला. त्याने खाली बघितलं.

आवाज मला अजून ऐकू येतो. लाकूड मोडावं तसा नाही, ओल्या पोत्याचा. माझे हात वर होते. हात वर असतानाच मला कर्टिसचा अकरा नंबर दिसला, बर्फावर पालथा, आणि एक पाय आपोआप हलत होता. माझ्याभोवती सगळं रिंक टाळ्या वाजवत होतं, आणि त्यांना काय बोलू, पहिली ओरडणारी मीच होते. पंचाने शिट्टी दिली नाही. नियमात बसणारी धडक होती. खांद्याने, समोरून, पक त्याच्याकडे असताना.

आतल्या बोळातून स्ट्रेचर नेत होते तेव्हा ओरेस्ट हातमोजे काढून भिंतीला टेकून उभा होता. “व्हर्ना,” म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं आणि पुढे गेले. दोन्ही पाई गाडीत गोठून दगड झाल्या होत्या, आठवड्याने आर्नीने त्या कचऱ्यात टाकल्या.

कर्टिस तीन आठवडे शहरातल्या इस्पितळात होता. परत आला तो उजेड सहन होत नाही म्हणून टोपी खाली ओढून. डाव्या कानात अजून शिट्टी वाजते. बोलता बोलता शब्द हरवतो, मग हात हवेत फिरवत बसतो. खेळणं संपलं, अठराव्या वर्षी. आता आमच्याच रिंकवर मुलांच्या स्केट्सना धार लावतो, फार सुरेख लावतो, लांबून लोक येतात.

आणि ओरेस्ट? त्या सामन्याला मोठ्या संघांची माणसं वह्या घेऊन बसली होती. ती धडक बघून त्यांनी त्याला उचललं. आधी सहा वर्षं बसमधून गावोगाव, मग पूर्वेकडच्या मोठ्या शहरात आठ वर्षं. नाक चारदा मोडलं. समोरचे दात गेले. दोन्ही गुडघे उघडून शिवले. लोक त्याच्या नावाचे सदरे घालायचे. दर ख्रिसमसला त्याचं कार्ड यायचं, एकच ओळ, “तुमच्या बटाट्यांची आठवण येते.” पहिली पाच वर्षं मी ती चुलीत घातली.

सगळ्यात मोठा धक्का मला कर्टिसने दिला. माझा मुलगा त्याच्यावर खूश! दुकानात येणाऱ्या पोरांना सांगायचा, “मला कोणी पाडलं माहीत आहे? बाबियाकने! पहिलीच मोठी धडक माझी होती.” टीव्हीवर ओरेस्ट कुणाला तरी उडवायचा आणि कर्टिस टोपीखालून हसत म्हणायचा, “बघ आई, खांदा बघ. स्वच्छ.” मी उठून स्वयंपाकघरात जायची. आर्नी गेला त्या वर्षी ओरेस्टचा फोन आला. मी म्हटलं, ठीक आहे आम्ही. एवढंच.

दोन हजार तीनच्या नोव्हेंबरात, खेळणं सोडून तीन वर्षं झाल्यावर, तो आला. रविवारी दुपारी. पिकअपमधून उतरताना आधी एक पाय, मग हाताने दुसरा. दारात उभा राहिला, मागचं अंगण अजूनही दिसेना. हातात पिशवी होती. “आईने पिरोगी पाठवल्यात,” म्हणाला आणि लाजला. मी बाजूला झाले. काय करणार, तोच चेहरा, फक्त कुणीतरी तुडवलेला.

कर्टिस तर लहान पोरासारखा नाचत होता. जेवताना त्याच्या शेजारीच बसला. “गुडघे कसे आहेत?” “हवामान सांगतात. तुझा कान?” “अजून चहाचं पाणी उकळतंय आत.” दोघं हसले. एकमेकांची मोडतोड अशी दाखवत होते, जशी बायका विणकाम दाखवतात. मी बटाटे वाढत होते.

मग कर्टिसने काटा खाली ठेवला. “सतरा वर्षं एक विचारायचंय तुला. तू निळी रेघ सोडलीस. का? तिथून तू येशील असं स्वप्नात सुद्धा… ते… काय म्हणतात…” त्याने हात हवेत फिरवला. “तुला कळलं कसं?”

ओरेस्टने माझ्याकडे बघितलं नाही. ताटाकडे बघत म्हणाला, “अंदाज.”

“सोड रे! अंदाजाने कुणी जागा सोडत नाही. चुकला असतास तर तुझ्या कोचने तुला सोलला असता.”

“लागला अंदाज. नशीब.”

त्याचे कान लाल झाले होते. सोळाव्या वर्षी खोटं बोलताना व्हायचे तसेच. मला उत्तर मिळालं. आणि त्याच्याच जोडीला हेही कळलं, की हा माणूस सतरा वर्षं माझ्यासाठी गप्प बसलाय. पेपरवाल्यांनी विचारलं असेल, दोस्तांनी विचारलं असेल, आणि प्रत्येक वेळी तो म्हणाला असेल, अंदाज. मला ते सोसेना.

“मी सांगितलं होतं त्याला,” मी म्हणाले.

“व्हर्ना, नको,” ओरेस्ट म्हणाला.

“याच टेबलावर सांगितलं. तू डावीकडून बाहेर पडताना खाली बघतोस म्हणून. हसत हसत सांगितलं.”

ओरेस्टने दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटं सगळी वाकडी. “तुमच्या घरात राहत होतो तोवर मी ते वापरलं नाही,” तो म्हणाला. “नंतर वाटलं, आता मी त्या घरचा नाही. मला संघाने देऊन टाकलंय. आणि वर ती माणसं वह्या घेऊन बसली होती.” मग, “तो पडला तेव्हाच कळलं मला मी काय केलं ते.”

मी कर्टिसकडे बघायला घाबरत होते. तो ओरडेल, ताट फेकेल, उठून जाईल. उठून जायला हवं होतं त्याने. तो ओरेस्टवर रागावलाच नाही. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली, उजेडात डोळे बारीक केले आणि माझ्याकडे बघत राहिला.

“म्हणजे तुला माहीत होतं,” तो म्हणाला, “मी खाली बघतो ते.”

“हो.”

“कधीपासून?”

“तू नऊ वर्षांचा असल्यापासून.”

त्याने मान हलवली. शब्द शोधत होता, पण या वेळी हात हवेत गेला नाही. दोन वर्षं तो स्टोनी फोर्डला होता, दर रविवारी मी त्याला फोन करत होते. मोजे सुकले का, ती बाई नीट जेवू घालते का, घसा कसा आहे. एकही रविवार मी चुकवला नव्हता.

“मग मला का नाही सांगितलंस, आई?”

ओरेस्ट खिडकीबाहेर बघत होता. बटाटे गार झाले होते. मी खूप शोधलं, पण खरं उत्तर एकच होतं.

“मला तुझं ते खाली बघणं आवडायचं,” मी म्हणाले.