संप खेळायला आलेल्यांना आधी काय सांगावं

आमची गिरणी पाडून तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. एका संध्याकाळी आमच्याच चाळीतली एक मुलगी घरी आली. तिचे वडील आणि मी एकाच साचेखात्यात, समोरासमोरच्या साच्यांवर कापड विणायचो. ती आता त्याच जागेवरच्या एका ऑफिसात कामाला होती. म्हणाली, "काका, आमची काही मंडळी एक खेळ करतायत. गिरणी संपावर."

"नाटक?"

"नाटक नाही. प्रेक्षकच नसतात. प्रत्येकाने एकेक माणूस व्हायचं. कोणी कामगार, कोणी मुकादम, कोणी मालक. दिवसभर तसंच वागायचं, बोलायचं. संवाद लिहिलेले नसतात."

"मग जिंकतं कोण?"

"कोणीच नाही. अनुभव घ्यायचा."

"हा खेळ आम्ही खेळलोय," मी म्हणालो.

तिने हसून घेतलं. मी स्वतः खेळावं असं तिचं म्हणणं नव्हतं. खेळाच्या आधी एक बैठक असते आणि तीत खेळणाऱ्यांना काय मिळेल, काय मिळणार नाही ते सांगावं लागतं. नाहीतर लोक भलतंच मनात धरून येतात आणि हिरमुसतात. हे सांगायला त्यांना खरा माणूस हवा होता. मी लगेच हो म्हटलं. संपाला तीस वर्षं होऊन गेली होती आणि इतक्या वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं. बायकांच्या भूमिका करणाऱ्यांना सांगायला आमच्या हिलाही बोलावलं होतं. ही म्हणाली, "माका काय येता सांगूक?" पण रविवारी माझ्याआधी तयार होऊन बसली.

बैठक जुन्या गिरणीच्या एका शेडमध्ये होती. इमारती बांधणाऱ्यांनी ही एवढी शेड राखली होती आणि आता ती हॉल म्हणून भाड्याने देत. भिंतीचा गिलावा मुद्दाम खरवडून विटा उघड्या ठेवल्या होत्या आणि त्यांना पॉलिश केलं होतं. खेळ घडवणारा तरुण दाढीवाला, माझ्या धाकट्याच्या वयाचा. मला 'सर' म्हणत होता. या छपराखाली मला एकेकाळी लोक काय काय म्हणाले होते, पण त्यात हा शब्द नव्हता.

त्याने यादी वाचली. कोणी कोणाला खरंच हात लावायचा नाही. एक वाजता जेवण, शाकाहारी आणि मांसाहारी. ज्याला फार त्रास होईल त्याने छातीवर दोन्ही हात आडवे धरायचे, त्याच्यापुरता खेळ थांबेल. मला ही सोय फार आवडली.

मग त्याने अर्ज दाखवले. कोणाला कोण व्हायचंय ते प्रत्येकाने लिहून दिलं होतं. तीस जणांत अकरा पुढारी होते. दोन मालक, एक मालकाचा कविता करणारा मुलगा, तीन पत्रकार. साच्यावर उभं राहायला एकही तयार नव्हता. बदली कामगार म्हणजे रोज दारात उभा राहून कोणी गैरहजर आहे का बघणारा, हे कळल्यावर त्या भूमिकेकडे कोणी बघेना.

प्रश्न सुरू झाले.

"लाठीमार किती वाजता आहे?"

"माझ्या पात्रात शेवटपर्यंत काय बदल होतो?"

"एसी चालू असेल ना?"

मी उभा राहिलो. खरं सांगतो, मला मजा येत होती. म्हणालो, "पहिला आठवडा सुट्टीसारखा वाटेल. आम्हीही पत्ते खेळलो. मग पत्ते फाटतील. तुमच्यातल्या बहुतेकांना काहीही काम नसेल. संपात पुरुषाचं काम म्हणजे वाट बघणं. भाषण ऐकून यायचं आणि पुन्हा वाट बघायची. बायकांची कामं मात्र दुप्पट होतील."

दाढीवाल्याने वहीत टिपलं. "सर, वाट बघायला किती वेळ ठेवू?"

"दोन तास तरी ठेवा."

"लोक फोन काढतील, सर."

घासाघीस करून चाळीस मिनिटांवर तडजोड झाली. आयुष्यात माझी एवढीच एक मागणी अर्धवट का होईना मान्य झाली.

तेवढ्यात मागून एका मुलाने विचारलं, "संप चालू असताना कोणी कामावर परत गेलं का?"

"होते काही घरभेदी," मी म्हणालो. "आम्ही शेवटपर्यंत बाहेर राहिलो."

हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं होतं की तोंडातून आपसूक बाहेर पडलं. शेवटच्या रांगेत ही उभी राहिली. घरी मालवणीत बोलणारी ही बाई तिथे शाळेतल्या बाईंसारखं बोलली.

"हे खोटं सांगतायत. दहाव्या महिन्यात हे कामावर गेले. मीच पाठवलं. धाकट्याला कावीळ झाली होती. डबा पिशवीत तळाला ठेवला आणि वर माठाची जुडी ठेवली, बाजारात चाललेत असं दिसावं म्हणून. पण दिसायचं ते दिसलंच. दुसऱ्या दिवशी नळावर बायकांनी आपापले हंडे माझ्या हंड्यापासून लांब सरकवले." मग आम्हाला घेऊन आलेल्या मुलीकडे बघून म्हणाली, "तुझ्या आईनेसुद्धा. दोन वर्षं बोलली नाही माझ्याशी."

मुलीचा चेहरा उतरला. तिला हे माहीत नव्हतं. माझे कान तापले होते. बसावं की उभं राहावं कळेना.

दाढीवाला हळूच म्हणाला, "काकी, हे खेळात घेऊ या का?"

"घ्या की. पण नळावर कोण उभं राहणार ते आधी ठरवा. पुढारी पुष्कळ झालेत."

पुढच्या रविवारी खेळ झाला. अकरा पुढाऱ्यांनी दुपारपर्यंत माइकवरून भांडण केलं. हे मात्र हुबेहूब जमलं. वाट बघण्याच्या विसाव्या मिनिटाला फोन निघाले. जेवणानंतर तो मागच्या रांगेतला मुलगा उठला. त्याला शेवटी साचेवाला केलं होतं. त्याने कोणालाच न सांगता आपली पिशवी उचलली आणि गिरणीचं म्हणून रंगवलेल्या दाराकडे निघाला.

"गद्दार!" कोणीतरी हसत ओरडलं. मग सगळेच ओरडू लागले आणि हळूहळू त्यातलं हसू गेलं. एकाने त्याची वाट अडवली. मुलाने छातीवर हात आडवे धरले असते तर सुटला असता, पण त्याने धरले नाहीत. मध्ये पडायचं नाही असं मला बजावलं होतं. तरी मी खुर्चीवरून उठलो आणि त्याच्या बाजूने चालायला लागलो. त्याला धीर द्यायला निघालोय असं मला वाटलं होतं. दारापाशी पोचलो तेव्हा त्यानेच माझा दंड धरला होता.

सहा वाजता हॉलवाल्याची माणसं फुलांच्या परड्या घेऊन आत शिरली. संध्याकाळी तिथे एका सराफाचा समारंभ होता. खेळ तिथेच थांबला. एका पुढाऱ्याने मला विचारलं, "काका, मग संप मिटला कधी?"

"मिटल्याचं कोणी जाहीर केलेलं नाही," मी म्हणालो.

त्यांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही. निघताना सगळ्यांनी अभिप्राय लिहिले. मुलीने ते आम्हाला वाचून दाखवले. बहुतेकांना अनुभव फार आवडला होता, शेवट मात्र कमजोर वाटला.

बाहेर चहा पिताना मुलीने हिला विचारलं, "काकी, आई दोन वर्षांनी पुन्हा बोलायला कशी लागली?"

"दाढ सुजली होती तिची. परळच्या हॉस्पिटलात सोबत यायला कोणी नव्हतं. माझ्या दारात आली."

"आणि संपाबद्दल काही बोलली?"

"दाढ काढल्यावर तोंडात कापूस होता, बाय. काय बोलणार ती?"

पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा तोच खेळ केला. बैठकीला हिला बोलावलं, मला नाही. ही ठेवणीतलं लुगडं नेसून गेली.