दुधावरची नात

मुलांनो, रविवारी फोनवर तुम्ही कौतुकाने सांगितलंत की बाळ जेवत नाही, पण दिवसभर दूध मागतं. तेव्हापासून मला तुमच्या आजोबांचे रोहणा गावचे मामा आठवताहेत, म्हणून आज लिहायला बसले.

दुधाने बरं होत नाही असं दुखणं जगात नाही, ही खात्री मामांइतकी मी कुणाची पाहिली नाही. गोठ्यात गौळाऊ जातीच्या गाई होत्या आणि दारात येणाऱ्याची सुटका नव्हती. विंचू चावलेल्यालाही ते आधी दूध पाजत, मग दवाखान्यात जाऊ देत. लग्नानंतर मी पहिल्यांदा गेले, तर माझ्या हातातला चहा काढून घेऊन त्यांनी तांब्याभर धारोष्ण दूध दिलं. पोस्टमन एकदा तिसऱ्या तांब्याला अगदी काकुळतीला आला, "मामाजी, मी पत्र द्याले आलतो, आंघोळ कराले नाई."

याच मायेने त्यांनी आईवेगळी नात वाढवली. तिसरं वर्ष लागलं तरी निव्वळ दुधावर. मामी चिडायच्या, "भाकरीचा तुकडा तं जाऊ द्या तिच्या तोंडात." मामा नातीला उजेडात धरून म्हणायचे, "पाह्य, कशी गोरी निघाली. भाकर खाऊन तू काय झाली?"

ऐंशीच्या आसपासचा हिवाळा असेल. आम्ही वर्ध्याला होतो. मामा तिला घेऊन आले, तेव्हा पावलं सुजलेली आणि एक पायरी चढली तरी धाप. डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हतीच.

"ही गोरी नाही, हिच्या अंगात रक्तच कमी आहे," ते म्हणाले. "दुधात लोह फारसं नसतं, आणि दुधानेच पोट भरलं तर ही दुसरं खाणार कधी? कमी रक्तावर शरीर चालवताना हृदय थकलंय, मोठं झालंय."

"वाचंन ना जी?"

"बघू."

रक्त अगदी हळूहळू चढवलं. भराभर दिलेलं त्या हृदयाला झेपलं नसतं. तितका वेळ मामा खाटेशी उभे होते. कुणी स्टूल दिलं तरी बसले नाहीत.

घरी आल्यावर ते पालेभाजी स्वतः कुस्करून भरवू लागले. ती तोंड फिरवी, तेव्हा हा म्हातारा ओसरीवर रांगत, बैलासारखा हंबरत, आधी स्वतः घास खाई. ती हसली की दुसरा घास तिच्या तोंडात. पुढच्या वर्षी डॉक्टर म्हणाले, हृदय आता ठीक आहे. तरी शेतावर निघण्याआधी मामा तिच्या छातीला कान लावायचेच.

"काय आयकू येते तुमाले?" मामी विचारायच्या.

"चालू हाय," एवढंच सांगून ते निघत.

मामा गेले, मागोमाग मामीही. गाई विकल्या गेल्या, गोठाही मोडला. नात आहे. वडनेरला असते, दिवसभर शेतात राबते.